शेवटच्या पायरीवरचा जव

आत्या : नाही म्हणजे नाही. डबा खाली ठेव.

भाची : अगं आत्या, मी फक्त साहेबांना दाखवत होते.

आत्या : दाखवून झालं ना? मग ठेव. आणि झाकण नीट बसव, दाणा सादळतो.

साहेब : ताई, तुमचा गैरसमज होतोय. आम्ही बियाणं उचलून न्यायला आलेलो नाही. नमुना म्हणून दोन किलो हवंय, बस्स. तुमची ही भाची आमच्या शेती कार्यालयात माझ्या हाताखाली काम करते. तिनेच सांगितलं की अख्ख्या डोंगरात काळा जव आता फक्त माझ्या आत्याकडे उरलाय.

आत्या : हिने सांगितलं होय? माझ्या सख्ख्या भावाची पोरगी. आई गेल्यावर या घरात लहानाची मोठी झाली, याच चुलीपाशी बसून अक्षरं गिरवली. आणि माझ्या कोठीत काय आहे ते ऑफिसात जाऊन सांगून आली! मला एका शब्दाने विचारलंस?

भाची : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

आत्या : म्हणून विचारलंच नाहीस. शिकलीस बाई, चांगली शिकलीस.

साहेब : तिच्यावर रागावू नका. यात तुमचाच मान आहे. मोठी योजना आहे, ताई. हा फलक पाहा ना, कालच छापून आला. रंग बघा, कागद बघा.

आत्या : वाच गं. मोठ्याने वाच.

भाची : 'पूर्वजांचा ठेवा, उद्याची ताकद. बदलत्या हवामानाला पुरून उरणारं सोशिक वाण. काळा जव पेरा.'

आत्या : सोशिक! सुनेला म्हणतात तसं? सोशिक आहे म्हणायचं आणि आणखी चार कामं अंगावर टाकायची. साहेब, तुम्ही मला ओळखलं नाहीत ना?

साहेब : आपण... आधी भेटलोय का?

आत्या : बावीस वर्षं झाली. तेव्हा तुमचे केस काळे होते, मिशी होती. खालच्या शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. टेबलाशेजारी नाही, टेबलावर उभे होतात तुम्ही. आठवतंय का काही?

साहेब : तेव्हा मी नवीन होतो. कितीतरी गावं फिरायचो.

आत्या : आम्हाला एकच गाव होतं, त्यामुळे आमच्या लक्षात राहिलं. तुम्ही म्हणालात, हे काळं धान्य जनावराच्या तोंडचं. हे पेराल तोवर जनावरासारखेच जगाल. प्रत्येक घराने जुनं बियाणं इथे आणून ओतायचं आणि पांढऱ्या गव्हाचं नवीन पोतं न्यायचं. घरी मूठभरही ठेवायचं नाही, नाहीतर मिसळ होईल.

साहेब : शुद्धता राखायची होती. तेव्हाचं शास्त्र तसं होतं.

आत्या : मग शास्त्राने काडी लावली. ढीग माझ्या कमरेएवढा होता, साहेब. भाजल्या जवाचा वास दोन दिवस कपड्यांतून गेला नाही. पोरं फुटलेले दाणे वेचायला धावली, तर तुम्ही त्यांना काठी दाखवून हटकलंत. मी पुढे आले तर म्हणालात, "ए बाई, बाजूला हो." आज ताई झाले मी.

साहेब : हे पाहा, वरून आदेश होता.

आत्या : वरून? वर तर आम्ही राहतो, साहेब. आमच्या वर नुसते ढग. आम्ही काही असला आदेश काढलेला नाही.

भाची : आत्या...

आत्या : तू मध्ये बोलू नकोस. नाही, थांब. बोल. साहेबांना सांग हा डबा आला कुठून. तू होतीस ना माझ्याबरोबर?

भाची : सहा वर्षांची होते मी. त्या वर्षी गोठ्यावर नवीन काड घातलं होतं, जवाचंच. मळणीत सुटून राहिलेल्या थोड्या ओंब्या त्या काडात अडकल्या होत्या. आत्या शिडी लावून छपरावर चढली. एकेक काडी उलटून बघायची. वाटी मी धरली होती.

आत्या : पाखरांनी टिपायच्या आत मी टिपले. किती निघाले?

भाची : तीनशे बारा. त्या दाण्यांवर तू मला आकडे शिकवलेस.

आत्या : आठवतंय तर! आणि तरीही यांना घेऊन आलीस.

भाची : म्हणूनच आणलं ना! तू किती वर्षं एकटीने रेटणार? उद्या तुला काही झालं, डब्याला कीड लागली, तर संपलं. चार ठिकाणी पेरलं गेलं तर वाचेल. यात माझं काय चुकलं?

आत्या : बोलतेस ते खरं आहे. पण माणूस चुकीचा आणलास.

साहेब : ताई, मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. जाता जाता एखादं चांगलं काम हातून व्हावं, एवढीच इच्छा आहे. या फॉर्मवर तुमचा अंगठा...

आत्या : सही येते मला. आधी फॉर्म वाचू द्या. हे काय लिहिलंय? वाणाचं नाव, गिरिशक्ती एक. हा कोण?

भाची : ते... काळ्या जवाचं नवीन नाव आहे.

आत्या : बारसंही करून मोकळे! आणि खाली? नमुना मिळाल्याचं ठिकाण, पडीक जमीन. कोणाची पडीक?

साहेब : तुम्ही हा जव पेरता ती वरची जागा सरकारी कागदावर पडीकच आहे. शेत म्हणून तिची नोंद नाही.

आत्या : माझ्या नवऱ्याने, हिच्या काकांनी, पाठीवरून दगड वाहून तिथे एकामागून एक बांध घातले. खालून माती नेली, टोपलीने. त्यात त्यांच्या पाठीचा मणका गेला. ती पडीक? आणि शोधणाऱ्याचं नाव या रकान्यात तुमचं. तुम्ही शोधलंत? जाळणाऱ्याने शोधलं?

भाची : साहेब, हा रकाना मी कोरा ठेवला होता.

साहेब : नंतर भरला गेला. कार्यालयीन पद्धत आहे ती. बदलता येईल. ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. गव्हाने तुमचं वाईटच केलं का? सांगा बरं.

आत्या : खोटं कशाला बोलू? पहिली चार वर्षं गहू झकास आला. कोठी भरली. सगळे म्हणाले, देव माणूस आहे तो साहेब. मीसुद्धा म्हणाले. मग बर्फ कमी झालं. पूर्वी बर्फ हिवाळाभर टिकायचं आणि ऊन वाढलं की हळूहळू पाझरायचं. पाट कसा संथ भरून यायचा. आता ऐन थंडीत पाऊस कोसळतो आणि सगळं पाणी वाहून जातं. गव्हाला तीन पाणी लागतात, आणायची कुठून? तेव्हा इथली माणसं तुमच्या ऑफिसात आली होती, आठजण. तुम्ही म्हणालात, अर्ज ठेवून जा. त्या आठांतली सहा घरं आज कुलपात आहेत.

साहेब : हवामान माझ्या हातात नव्हतं.

आत्या : नव्हतं. बियाणं होतं ना हातात? ते जाळलंत.

भाची : काका कुठे आहेत?

आत्या : गाडीचा आवाज आला तसे मागच्या दाराने गोठ्यात जाऊन बसलेत. पटांगणात तेव्हा पहिलं पोतं त्यांनी ओतलं होतं. तुमच्यासमोर येतील कोणत्या तोंडाने?

साहेब : ताई, आपण असं करू. नियमाप्रमाणे मला उभं पीक पाहावंच लागतं. पीक पाहतो, फॉर्ममधल्या दुरुस्त्या करतो, मग तुम्ही ठरवा. मग तरी चालेल?

आत्या : बघा ना, जरूर बघा. उद्या सकाळी या. पण तिथे गाडी जात नाही. पायी यायचं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत, सगळ्यात वरच्या पायरीवर.)

साहेब : थांबा... जरा दम खाऊ द्या. किती वर आलो आपण?

आत्या : बसा त्या दगडावर. पाणी प्या. दोन तास लागले तुम्हाला. मी पाऊण तासात येते, डोक्यावर टोपली घेऊन.

साहेब : इतक्या उंचावर कशासाठी पेरता? खाली घराजवळ एवढ्या पायऱ्या ओस पडल्यात.

आत्या : हौस म्हणून. साहेब, पहिले तीनशे बारा दाणे मी गोठ्यामागेच पेरले होते. आठ वर्षं तिथे पिकले. मग तिथे उकडायला लागलं. दाणा भरायच्या आतच ओंबी वाळायची. म्हणून वरच्या पायरीवर नेलं. तिथे सहा वर्षं. मग त्याच्या वर. येताना वाटेत ती मोडकी भिंत लागली ना, तिथे चार वर्षं काढली. पुढे दोन. इथे हे दुसरं वर्ष.

भाची : मला वाटायचं, पाण्यासाठी वर नेतेस.

आत्या : गारव्यासाठी नेते. जवाला रात्री थंडी लागते. खाली रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आता.

साहेब : ते तिकडे बांधाशी कोण आहे?

आत्या : हिचे काका. पहाटेच आलेत. काल खाली गोठ्यात पळाले, इथून पळायला जागा नाही.

काका : नमस्कार साहेब.

साहेब : नमस्कार. बसा ना.

काका : बसलो की उठायला त्रास होतो. उभाच बरा.

साहेब : पीक दिसायला तर छान आहे. काळ्या ओंब्या, लांब कुसळं. काय सुंदर दिसतंय! फोटो घे गं. फलकावर हाच टाकू.

आत्या : फोटो नंतर. ओंबी हातात घ्या. चोळा.

साहेब : ही... ही पोचट आहे.

आत्या : दुसरी घ्या.

साहेब : हीसुद्धा. हिच्यात चार दाणे आहेत. ही पूर्ण रिकामी.

भाची : बघू. आत्या, अगं ही पण पोचट. ही पण! कधीपासून?

आत्या : गेल्या वर्षी चार ओंब्यांत एक जायची. यंदा फुलोऱ्यात पाच दिवस असा उकाडा झाला, की इथे या उंचीवर पदर भिजवून डोक्यावर घ्यावा लागला मला. आता निम्मं पीक असं आहे. दिसायला उभं, आत काही नाही.

भाची : तू मला सांगितलं का नाहीस? दर आठवड्याला फोन करते मी.

आत्या : तू विचारायचीस, "जव कसा आहे?" मी म्हणायचे, "आहे." फोनवर आणखी काय सांगायचं?

साहेब : हे जरा अवघड झालं.

आत्या : काय अवघड झालं?

साहेब : म्हणजे असं, की वाण सोशिक असल्याचं मला लिहून द्यावं लागतं. निम्मं पीक पोचट असेल तर ते योजनेत बसत नाही. यात आता दम राहिलेला नाही, ताई. वाईट वाटतं, पण मी नमुना घेऊ शकत नाही.

आत्या : म्हणजे आता नको?

साहेब : नियमच आहे तसा.

आत्या : वा! वा रे वा! बावीस वर्षांपूर्वी नको होता म्हणून जाळलात. काल हवा होता म्हणून फलक छापलात, नाव ठेवलंत, माझी जमीन पडीक केलीत. आज पुन्हा नको. साहेब, हा काही तुमच्या ऑफिसातला शिपाई नाही, आत ये म्हटलं की आत आणि बाहेर हो म्हटलं की बाहेर! दम कोणात राहिला नाही म्हणता? त्याच्यात? चार वेळा मुक्काम हलवला त्याने. खालची उष्णता वर आली, हा आणखी वर गेला. तुमच्या गव्हाने एकदा तरी जागा सोडली? तुम्ही सोडली?

साहेब : आवाज चढवून काय होणार?

आत्या : इतकी वर्षं चढवला नाही, त्याने काय झालं?

भाची : साहेब, मी बोलू? मी तुमच्या हाताखाली आहे, पण बोलते. आपल्या ऑफिसच्या गच्चीवर तापमापक आहे. त्याच्या रोजच्या नोंदी आपण ठेवतो. मी स्वतः कपाटातून काढून पाहिल्यात. इथल्या रात्री किती तापल्यात ते आपल्याला ठाऊक आहे, साहेब. वर्षानुवर्षं ठाऊक आहे. त्यावर आपण काय केलं? फलक छापला. आणि ज्या बाईने कोणाचा पगार न घेता हे सांभाळलं, तिला आपण सांगतोय की तुझ्या जवात दम नाही.

साहेब : तुला काय वाटतं, मी अहवाल पाठवले नाहीत? पाठवले. वाचतंय कोण? खालच्या शहरांतून धूर निघतो, तो काय मी सोडतो?

काका : साहेब, मी एक बोलू का?

साहेब : बोला.

काका : त्या दिवशी पटांगणात तुम्ही माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. ही सगळ्यांना सांगते की साहेबांनी ओतायला लावलं. तसं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "पहिला कोण येतो?" मी हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. हे मी हिला कधी सांगितलं नाही.

आत्या : मला माहीत आहे.

काका : काय?

आत्या : मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. तुम्ही हात वर केलेला बघितला मी.

काका : मग इतकी वर्षं...

आत्या : इतकी वर्षं तुम्ही दगड वाहिलेत. आणखी काय बोलायचं होतं मी?

काका : साहेब, माझी चूक मी पाठीवर वाहिली. तुमची तुम्ही निदान कागदावर उतरवा. एवढंच म्हणणं आहे.

साहेब : फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही हो.

भाची : मागची बाजू कोरी आहे, साहेब.

साहेब : मागचं कोणी वाचत नाही.

भाची : मी वाचेन. जावक क्रमांक घालून वर पाठवेन, एक प्रत माझ्याकडे ठेवेन. आणि तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहिते, खाली माझी सही करते. मग नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

आत्या : ए, नोकरी सोडण्याच्या गोष्टी करू नकोस. तू तिथे असायला हवीस. कोणीतरी आपलं नको का तिथे?

साहेब : द्या इकडे पेन. मी लिहितो. माझ्याच अक्षरात असू दे. काय म्हणता, सांगा.

आत्या : खरंच लिहिणार?

साहेब : दोन महिने उरलेत, ताई. माझी बदली तरी कुठे करतील आता?

आत्या : मग लिहा. काळा जव या डोंगरात कधीपासून होता ते कोणालाच माहीत नाही. तो आम्ही शोधला नाही आणि तुम्हीही नाही. लिहिलंत?

साहेब : '...आणि आम्हीही नाही.' पुढे?

आत्या : बावीस वर्षांपूर्वी तो शाळेच्या पटांगणात जाळला. कोणी, ते लिहा.

साहेब : हं.

आत्या : नाव लिहा. हुद्दा नाही, नाव.

साहेब : लिहिलं.

काका : पहिलं पोतं माझं, तेही लिहा.

साहेब : लिहितो. पुढे?

आत्या : मग गोठ्यामागे आठ वर्षं, वरच्या पायरीवर सहा, त्यावर चार, त्यावर दोन, आणि इथे हे दुसरं. दर वेळी मुक्काम का हलवला, ते उन्हाचं सगळं लिहा. बर्फाचंही लिहा. मोठं अक्षर काढू नका, जागा पुरणार नाही. तुमच्या तापमापकाचे आकडे ही देईल. दे गं.

भाची : देते. आत्या, तू काय करतेस?

आत्या : ओंब्या खुडते. भरलेल्या तेवढ्याच. या उकाड्यातही ज्यांनी दाणा धरला, बी म्हणून त्याच ठेवायच्या. पोचट गुरांना.

भाची : हेच आम्हाला कॉलेजात एक सबंध वर्ष शिकवलं. निवड पद्धत म्हणतात.

आत्या : हो? पुस्तकात माझं नाव होतं का?

भाची : नव्हतं.

आत्या : बरं. ओंजळ पुढे कर. या तुझ्या. तुझ्या, ऑफिसच्या नाहीत. याहून उंच, याहून गार डोंगर कुठे असतील तर तिथल्या एखाद्या बाईला दे. बाईलाच दे. आणि तिला सांग, टाळ्या वाजल्या तरी ओतून द्यायचं नाही.

काका : ऐकतोय मी.

आत्या : ऐकावं म्हणूनच बोलले.

साहेब : मागची बाजू भरली, ताई. खाली सही केली आहे. तुम्हीही करा, साक्षीदार म्हणून.

आत्या : आणा. इथे?

साहेब : इथे. आणि पुढच्या बाजूला 'पडीक' खोडून 'शेत' केलंय. माझं नाव खोडून तुमचं घातलंय. गिरिशक्तीही खोडलंय. फक्त एक रकाना राहिलाय. तेवढा सांगा, म्हणजे फॉर्म पूर्ण होईल.

आत्या : कुठला?

साहेब : 'पुढील हंगामात पेरणीचं ठिकाण.'

काका : वर कातळ आहे, साहेब. याच्यापुढे माती राहत नाही. मी बघून आलोय.

साहेब : मग काय लिहू?

आत्या : ती जागा रिकामी सोडा.